लाल बावटा उतरल्यावर

भिवंडीतून टेमघर ओलांडून कल्याण रस्त्याला लागले की राजनोली नाका, मग कोनगाव, मग खाडीवरचा दुर्गाडीचा पूल. वाटेत गोदामे, यंत्रमागांच्या शेडी, भंगाराचे वाडे. पुलापलीकडे कल्याण आणि त्याला चिकटून उल्हासनगर. तिथले लोक पत्ता सांगताना अजूनही कॅम्प तीन, कॅम्प चार असेच सांगतात. हे कॅम्प दुसऱ्या महायुद्धातले. कल्याणजवळ ब्रिटिशांनी सैन्याचा मोठा तळ वसवला होता. युद्ध संपले, फाळणी झाली आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे शहर झाले.

तिथून मलंगगडाच्या वाटेने थोडे पुढे गेले की नेवाळी. तिथे युद्धकाळात धावपट्टी झाली, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. युद्ध संपल्यावर त्या परत मिळतील असे गावकरी धरून चालले होते. ते पिढ्यान्‌पिढ्या धरूनच बसले, आणि नौदलाने कुंपणाचे काम काढले तेव्हा २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटले, रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या. आमच्या ठाणे जिल्ह्यात लष्करी जमिनीचा वाद म्हटला की तो असा सातबाऱ्याचा असतो. मालक कोण, ताबा कोणाचा, मोबदला किती. जमिनीच्या पोटात काय शिल्लक राहिले, हे कोणी विचारत नाही, कारण धावपट्टीवर कोणी तोफा डागत नाही.

जिथे डागतात किंवा जुना दारूगोळा उडवतात तिथे हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा होतो. नगरची के. के. रेंज, देवळालीचा तोफखाना, वर्धा जिल्ह्यातला पुलगावचा दारूगोळा डेपो ही त्याची महाराष्ट्रातली ठळक ठिकाणे. फायरिंगच्या दिवशी लाल बावटा वर चढतो, तोवर सगळे नियमाने चालते. बावटा उतरला, जवान गाड्यांत बसून निघून गेले, की त्यानंतरची जबाबदारी कोणाची याचे उत्तर गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत कोणी धड लिहून ठेवलेले नाही. लोक मरतात ते बहुतेक या मधल्या वेळात.

या कथेची सुरुवात मुंबईच्या गोदीत करावी लागते. तो काही गोळीबाराचा माळ नव्हता. पण सरकार स्फोटानंतर काय मोजते आणि काय मोजत नाही, हे तिथे लख्ख दिसले. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज कराचीमार्गे मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, त्याच्याच शेजारी कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या आणि पोलादी पेटीत सोन्याच्या १२४ विटा. १४ तारखेच्या दुपारी कापूस धुमसताना दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. धक्क्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. शेकडो माणसे गेली, त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

सोने आकाशातून पडले. एक वीट गोदीपासून बऱ्याच अंतरावर एका निवृत्त पारशी अभियंत्याच्या घरात छप्पर फोडून आली, ती त्यांनी प्रामाणिकपणे परत केली. सुमारे आठ हजार माणसे सात महिने राडारोडा उपसत होती. पुढे कित्येक वर्षे गाळ काढताना विटा सापडत राहिल्या आणि प्रत्येक वेळी त्या कोणाच्या, हे ठरलेले होते. दारूगोळ्याचा असा हिशोब कोणी ठेवला नाही. ऑक्टोबर २०११मध्ये, म्हणजे स्फोटानंतर ६७ वर्षांनी, गोदीतून ४५ किलो वजनाचा जिवंत गोळा वर आला.

गोदीच्या स्फोटाआधी सहा वर्षे, १९३८ साली, दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाने एक कायदा केला होता. नाव लांबलचक: लष्करी सराव, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सराव कायदा. आजही देशभरातला मैदानी गोळीबार याच कायद्याखाली चालतो. लष्कराच्या मालकीची नसलेली जमीन, म्हणजे शेते, गायराने, जंगल, राज्य सरकार अधिसूचना काढून ठरावीक मुदतीसाठी गोळीबाराला देऊ शकते. त्यातला काही भाग धोक्याचे क्षेत्र म्हणून जाहीर होतो, माणसे आणि गुरे तिथून हलवता येतात. गावात आधी सूचना द्यायची, स्थानिक भाषेत लावायची आणि दवंडी पिटायची. पिकाचे नुकसान झाले, लोकांना बाहेर काढल्यामुळे रोजगार बुडाला, तर महसूल अधिकाऱ्याने जागेवर भरपाई ठरवायची. विनापरवाना धोक्याच्या क्षेत्रात कोणी शिरला किंवा निशाणाच्या खुणांना हात लावला तर दंड जास्तीत जास्त दहा रुपये.

१९३८च्या मानाने कायदा बरा म्हणायला हवा. साहेबाने शेतकऱ्याच्या पिकाचा विचार केला, बुडालेल्या मजुरीचासुद्धा केला. मात्र त्याचे सगळे लक्ष गोळीबाराच्या दिवसांवर आहे. दवंडीपासून शेवटच्या गोळ्यापर्यंतचा काळ त्यात आखून दिला आहे. न फुटलेला गोळा शोधायचा कोणी, किती दिवसांत, शोधून झाल्याचा दाखला कोणाला द्यायचा, यावर कलमांत अवाक्षर नाही. त्या काळी तोफांचा पल्ला आणि माणसांची दाटी दोन्ही कमी होती, त्यामुळे कोणाला ते खटकलेही नसेल.

आता नगरकडे येऊ. नगर (२०२४पासून अहिल्यानगर) हे रणगाड्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून इथे चिलखती गाड्यांचे प्रशिक्षण आहे; स्वातंत्र्यानंतर आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच रुजले आणि पुढे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्रही आले. देशातला बहुतेक प्रत्येक रणगाडेवाला कधी ना कधी नगरचे पाणी प्यालेला असतो. शिकलेले करून पाहायला माळरान लागते. नगर, पारनेर आणि राहुरी या तीन तालुक्यांच्या सीमेवरचा उजाड, दगडगोट्यांचा, चढउताराचा पट्टा म्हणजे के. के. रेंज. वर्षातून एकदा परदेशी अधिकाऱ्यांना आणि स्टाफ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना इथे प्रात्यक्षिक दाखवतात. रणगाडे धुरळा उडवत येतात, दूरच्या टेकडीवर लक्ष्य उडते, पाहुणे टाळ्या वाजवतात.

टेकडीच्या पलीकडे ढवळपुरी, वनकुटे, वावरथ, जांभळी, खारेकर्जुने अशी गावे आहेत. वावरथ-जांभळीच्या लोकांची कहाणी तर दुहेरी आहे. मुळा धरणाच्या पाण्याने त्यांची वाट आधीच तोडली, पलीकडे बारागाव नांदूरला जायचे तर होडीत बसावे लागते. धरणात जमिनी गेल्या ते उरलेल्या माळावर सरकले आणि त्या माळावर गोळीबाराची अधिसूचना आली. दर काही वर्षांनी मुदत संपते, वाढते, आणि दर वेळी अफवा उठते की आता गाव उठणार. सप्टेंबर २०२०मध्ये २३ गावांचा प्रश्न घेऊन शरद पवार नगर जिल्ह्यातल्या आमदारांसह दिल्लीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांना भेटले. वर्तमानपत्रांत भूसंपादनाच्या बातम्या रकाने भरून आल्या. हेही सातबाऱ्याचेच झाले. गोळ्यांच्या बातम्या आतल्या पानावर, चार ओळींच्या: भंगार काढताना स्फोट, तरुणाचा मृत्यू, एक जखमी, पोलिसांचे आवाहन.

पाऊस पडला की या माळावरची माती वाहते आणि आधीच्या वर्षी खाली गेलेले लोखंड उघडे पडते. मेंढरामागे हिंडणाऱ्या पोराला ते आधी दिसते, रेंजवर नेमलेल्या जवानाला नंतर. धनगरवाड्यांतले लोक या माळावर पिढ्यान्‌पिढ्या चराई करत आले आहेत, आणि कुंपण घालायचे म्हटले तरी इतक्या कोसांना घालणार कोण?

गोळा न फुटता राहतो कसा, हे जरा नीट समजून घेण्यासारखे आहे. तोफेच्या किंवा रणगाड्याच्या गोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो. कोठारात, ट्रकमध्ये, माणसाच्या हातात असताना फ्यूजमधली कुलपे बंद असतात. गोळा हातातून पडला तरी सहसा काही होत नाही. नळीतून सुटताना प्रचंड धक्का बसतो आणि गोळा स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. त्या धक्क्याने आणि फिरण्याने कुलपे उघडतात, आतली सुई ठिणगीच्या टोपीसमोर येते. आता फक्त आपटायचे बाकी. गोळा कठीण खडकावर पडला तर फुटतो. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत किंवा फार तिरका पडला, किंवा फ्यूजचा एखादा भाग अडला, तर सुई अर्ध्या वाटेत थांबते. लष्करात अशा गोळ्याला 'ब्लाइंड' म्हणतात. कारखान्यातून निघालेल्या गोळ्यापेक्षा तो कितीतरी धोकादायक, कारण त्याची सगळी कुलपे उघडलेली आहेत. आतला टीएनटी वर्षानुवर्षे टिकतो, बाहेर गंज चढत जातो, आणि सापडणाऱ्याला वाटते की इतका जुना, गंजका, आता त्यात काय दम राहिला असेल!

लष्कर आपल्या परीने हे गोळे शोधते. फायरिंग झाल्यावर किती डागले, किती फुटले याची नोंद होते, ब्लाइंड दिसला तर खूण लावून तो तिथेच उडवतात. पण खडी, काटेरी झुडपे, घळी आणि मातीत दोन-तीन फूट शिरलेले पोलाद यांपुढे दुर्बिणीतून केलेली मोजणी कितीशी पुरणार? एकाच टेकडीवर दशकानुदशके मारा होत असेल तर तिच्या पोटात १९६०चा गोळा आणि गेल्या महिन्याचा गोळा शेजारीशेजारी असू शकतात.

मग माणसे तिथे जातात कशाला? पोटासाठी. पितळी पुंगळ्या तोफेशेजारी पडतात, त्या लष्कर मोजून परत घेते. जिथे गोळे कोसळतात तिथे उरतात पोलादाचे तुकडे, ॲल्युमिनियमचे भाग आणि गोळ्याच्या कमरेला बसवलेली तांब्याची पट्टी. ही पट्टी नळीच्या खाचांत घट्ट बसून गोळ्याला फिरवते. फुटलेल्या गोळ्याची पट्टी तुकड्यातुकड्याने मिळते, न फुटलेल्याची अख्खी. लोखंडाच्या भावात आणि तांब्याच्या भावात जमीन-अस्मान आहे, हे रेंजच्या कडेला राहणाऱ्या पोरालाही कळते. म्हणून ज्या गोळ्यापासून पळायचे, नेमका तोच सगळ्यात किमती ठरतो. तो गोणीत घालून वाडीवर आणला जातो, दगडावर ठेवला जातो, आणि छन्नी पट्टीच्या कडेला लागते. अंगणात फुटलेल्या गोळ्याने घरातली इतर माणसेही जातात, ती याच कारणाने.

याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, आणि दर अपघातानंतर कोणीतरी साहेब तसे म्हणतोच. मला ते पटत नाही. या माणसांना धोका माहीत असतो, बहुतेकांच्या नात्यागोत्यात कोणाची ना कोणाची बोटे गेलेली असतात. तरी ती जातात, कारण ज्या माळावर एरवी हाताला काम नाही तिथे एवढा एकच रोकडा माल आहे. आणि सापडलेला गोळा पोलिसांना कळवावा, तर दुसरी भीती. रेंजमध्ये शिरल्याबद्दल १९३८चा कायदा दहा रुपये दंड करतो. पण घरात स्फोटक सापडले तर १९०८चा स्फोटक पदार्थ कायदा लागू होऊ शकतो, त्यात शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि त्याहूनही पुढे जाते. ज्याने चुकून आणून ठेवला त्याने आता तो नेऊन द्यायचा कसा? मग तो रात्री ओढ्यात टाकला जातो, विहिरीत सोडला जातो, किंवा भंगारवाल्याच्या टेंपोत चढतो.

विदर्भात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. वर्धा जिल्ह्यातला पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो देशातला सर्वांत मोठा, सुमारे सात हजार एकरांवर पसरलेला. गांधींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार याच जिल्ह्यात आहेत. इतिहासाला असे शेजार जुळवायची खोड असते. ३१ मे २०१६च्या मध्यरात्रीनंतर डेपोतल्या एका कोठाराला आग लागली. आत रणगाडाविरोधी सुरुंग होते. स्फोटाने आगरगाव, नागझरी ही जवळची गावे हादरली, घरांची छपरे आणि भिंती गेल्या, माणसे अंधारात मुले काखोटीला मारून शेतातून पळाली. मृतांचा आकडा शेवटी १९वर गेला. त्यांत दोन अधिकारी होते, बाकी बहुतेक डेपोच्या अग्निशमन दलाचे आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे. सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याच्या तक्रारी आधीपासून होत्या, हे नंतर उघड झाले.

दारूगोळ्यालाही मुदत असते. मुदत संपली की तो नष्ट करावा लागतो, आणि त्यासाठी डेपोपासून काही अंतरावर देवळी तालुक्यातल्या सोनेगाव (आबाजी) गावाजवळ मोकळे मैदान आहे. पद्धत अशी: जेसीबीने किंवा मजुरांकडून खड्डे खणायचे, त्यात जुने गोळे रचायचे, वर मातीच्या गोण्या टाकायच्या, वायर दूर नेऊन स्फोट करायचा. धूर ओसरला की खड्ड्यात धातू उरतो. तो गोळा करायचे आणि न्यायचे काम ठेकेदाराचे. खड्डे खणायला, ट्रकमधून पेट्या उतरवायला आणि धातू वेचायला सोनेगाव, केळापूर या गावांतली माणसे रोजाने जात. स्फोटांनी घरांना तडे जातात म्हणून या गावांनी तक्रारी केल्या होत्या, आणि याच गावांतले लोक सकाळी त्याच मैदानात कामाला जात होते. दोन्ही खरे होते. रोज बुडवून तक्रार करायला कोणाला परवडते?

२० नोव्हेंबर २०१८. सकाळी सातच्या सुमारास जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतला जुना माल ट्रकमधून उतरवला जात होता. पेट्या हाताहाती पुढे सरकत होत्या. त्यातली एक फुटली. सहा जण गेले. एक आयुध निर्माणीचा कर्मचारी, बाकीचे ठेक्यावरचे. जखमींना सावंगी मेघेच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात नेले. नंतर लष्कराने सांगितले की जागा आमची, पण काम आयुध निर्माणीचे. निर्माणीचे लोक मजुरांच्या बाबतीत ठेकेदाराकडे बोट दाखवणार, हे ओघानेच आले. मजुराचे नाव कोणाच्याच हजेरीपुस्तकात धड नव्हते, या तक्रारीत गावकऱ्यांचा सगळा राग एकवटला होता. मदत जाहीर झाली, चौकशी जाहीर झाली. खड्ड्यात माणूस उभा करण्याआधी त्याला काय शिकवले होते, अंगावर काय चढवले होते, हे विचारणारे थोडे होते.

नगरमध्ये लोक चोरून आत जातात म्हणून मरतात, असे म्हणण्याची सोय होती. सोनेगावात त्यांना बोलावून आत नेले होते. दोन्हीकडे त्यांना ओढून नेणारी गोष्ट एकच, भंगाराचा भाव. तो भाव लष्कराला, निर्माणीला, ठेकेदाराला आणि गावाला, सगळ्यांना माहीत असतो. सुरक्षेच्या कागदावर मात्र भंगार हा शब्द कुठेच येत नाही. तिथे अनधिकृत प्रवेश असतो आणि जनजागृती असते.

भाव हा किती लांबचा पल्ला गाठतो, याचे उदाहरण २००४मध्ये मिळाले. ३० सप्टेंबरला दिल्लीशेजारी गाझियाबादच्या एका पोलाद कारखान्यात भट्टीसाठी आणलेल्या आयात भंगारात तोफगोळे निघाले आणि दहा कामगार ठार झाले. माल पश्चिम आशियातल्या युद्धभूमीवरून आला होता. मग देशभर कंटेनर उघडून पाहिले तेव्हा ठिकठिकाणी गोळे आणि रॉकेटे सापडली. केंद्राने नियम बदलले: तुकडे न केलेले भंगार ठरावीक बंदरांतूनच येईल आणि माल चढवण्याआधी तपासणीचा दाखला लागेल. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून निघणारे कंटेनर भिवंडीच्या गोदामपट्ट्यात दिवसरात्र उतरतात, त्यामुळे हा नियम आमच्या टेमघर-राजनोलीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांच्याही अंगणातला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की परदेशातून येणाऱ्या भंगाराला दाखला लागला, के. के. रेंजच्या कडेने टेंपोत चढणाऱ्या भंगाराला तो लागत नाही.

जगाने या प्रश्नावर करार केले आहेत. युद्धात उरलेल्या स्फोटकांबाबतचा पूरक करार (प्रोटोकॉल पाच) २००३मध्ये जिनिव्हात झाला, भारताने तो मान्य केला. ज्याने डागले त्याने नोंद ठेवायची, युद्ध संपल्यावर ती साफसफाई करणाऱ्याला द्यायची, लोकांना सावध करायचे, असे त्याचे सार. पण तो युद्धाच्या अवशेषांसाठी आहे. आपल्याच सैन्याने आपल्याच माळावर सरावात डागलेला गोळा त्यात बसत नाही. लाओसमध्ये अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात २० लाख टनांहून अधिक बाँब टाकले आणि तिथले गरीब शेतकरी स्वस्तातली धातुशोधक यंत्रे घेऊन ते लोखंड खणत राहिले, भाव चढला की अपघात चढले. त्या देशात सफाईसाठी जगभरातून पैसा येतो. नगरच्या माळावर तेच घडते, आणि ते फक्त पोलीस ठाण्याच्या डायरीत राहते.

झारखंडमध्ये लोकांनी वेगळा मार्ग धरला. नेतरहाटच्या पठारावर १९६४पासून १९३८च्या कायद्याखाली तोफखान्याचा सराव होई. पुढे २४५ गावे त्या पट्ट्यात येणार म्हटल्यावर मार्च १९९४मध्ये आदिवासी, बायका आघाडीवर, रस्त्यावर बसले आणि तोफांच्या गाड्या परत गेल्या. त्यानंतर गोळीबार झाला नाही, तरी अधिसूचना वाढतच राहिली. ऑगस्ट २०२२मध्ये राज्य सरकारने ती पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. एका राज्य सरकारला हे करता येते, हे त्यातून दिसले. अर्थात सैन्याला सराव कुठेतरी करावाच लागणार, आणि सगळ्या रेंजा बंद करा असे म्हणणारा मी नाही. सीमेवर उभ्या असलेल्या तोफखान्याने प्रत्यक्ष गोळा डागायला शिकायचे कुठे?

त्यामुळे उरतो तो मधला वेळ, बावटा उतरल्यापासून पुढचा. तंत्र आपल्याकडे आहे, तेही याच राज्यात. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, दापोडीचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, राज्य पोलिसांची बॉम्बशोधक पथके. गावात गोळा सापडला तर सध्या काय होते ते पाहा. कोणी पोलीस पाटलाला सांगतो, पोलीस पाटील ठाण्याला, किंवा कोणी थेट ११२ फिरवतो. हवालदार येतो, चार दगड आणि दोरी लावून जागा आखतो. बॉम्बशोधक पथक पाहून जाते, गोळा लष्करी असला की लष्कराला पत्र जाते. लष्कराची तुकडी येईपर्यंत एक शिपाई रात्रंदिवस त्या बांधावर बसलेला असतो. तुकडी आली की आजूबाजूची वस्ती हलवतात, गोळ्याला हात न लावता शेजारी स्फोटक ठेवतात, गोण्या रचतात आणि तिथेच उडवून देतात. काम चोख होते. अडते ते पहिल्या पायरीवर, कारण सांगणाऱ्याच्या वाट्याला जबाब, पंचनामा आणि पडून राहिलेले शेत येते, आणि न सांगणाऱ्याला भंगारवाल्याकडून रोख पैसे मिळतात.

गोळा आणून देणाऱ्याला बक्षीस ठेवले तर लोक गोळे उचलून आणू लागतील, आणि ते आणखी वाईट. बक्षीस द्यायचे ते जागेवर तसाच ठेवून कळवणाऱ्याला, आणि जबाबात त्याला आरोपी न करता. रेंजच्या कडेच्या गावांत धातू वेचण्याचे काम करायचेच असेल तर ते लष्कराच्या तज्ज्ञाने आधी पाहिलेल्या पट्ट्यात, नाव नोंदवलेल्या, विमा उतरवलेल्या माणसांकडून, आणि किलोच्या भावावर न ठेवता रोजावर. कोणत्या टेकडीवर कोणत्या वर्षी काय डागले आणि त्यातले किती फुटले नाहीत, याचा नकाशा जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत असावा, म्हणजे उद्या ती जमीन परत गावाकडे आली तर नांगर घालणाऱ्याला तो पाहता येईल. यातल्या कशालाही संसदेत जायला नको. १९३८च्या त्याच कायद्याच्या शेवटी एक नियम-कलम आहे. गोळीबारासाठी जमीन वापरताना जनतेला धोक्यापासून सुरक्षित ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला आहे, म्हणजे हे काम मंत्रालयातून एका अधिसूचनेने होऊ शकते.